मुंबई उपनगरांतील शहरी अवकाशाचा वापर आणि लिंगभाव

मुंबई उपनगरांतील शहरी अवकाशाचा वापर आणि लिंगभाव हा नागरी समाजशास्त्र, मानवी भूगोल, वाहतूक नियोजन आणि स्त्री-अभ्यास या विद्याशाखांतील एक अभ्यासविषय आहे. बृहन्मुंबईतील वांद्रे ते दहिसर व कुर्ला ते मुलुंड-मानखुर्द या पट्ट्यांत, तसेच त्यांपलीकडील ठाणे, डोंबिवली, कल्याण, वसई, विरार व नवी मुंबई या शहरांत राहणारे स्त्री-पुरुष रस्ते, रेल्वे, बाजार, मैदाने, उद्याने आणि स्वच्छतागृहे यांचा दररोज कसा, केव्हा व कोणत्या कारणासाठी वापर करतात आणि त्यांच्या वापरात कोणता फरक आढळतो, याचा यात विचार केला जातो.

मुंबईच्या लोकलगाड्यांत, बाजारांत व कार्यालयांत स्त्रिया मोठ्या संख्येने दिसतात. त्यामुळे हा फरक केवळ उपस्थिती वा अनुपस्थितीचा नाही. तो मुख्यतः प्रयोजनाचा, वेळेचा आणि थांबण्याच्या मुभेचा आहे. पुरुष कामाशिवायही नाक्यावर, कट्ट्यावर वा टपरीपाशी रेंगाळू शकतो; स्त्रीची सार्वजनिक जागेतील उपस्थिती बहुधा एखाद्या कामाशी आणि घरी परतण्याच्या वेळेशी बांधलेली असते. या फरकाचा परिणाम स्त्रियांच्या रोजगाराच्या निवडीवर, आरोग्यावर, विश्रांतीवर आणि नागरिक म्हणून शहरावर असलेल्या त्यांच्या हक्कावर होतो.

पार्श्वभूमी

मुंबईच्या उपनगरांची वाढ रेल्वेच्या आधाराने झाली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे या ३४ किलोमीटरच्या मार्गावर पहिली प्रवासी गाडी धावली. १९२५ मध्ये हार्बर मार्गावर कुर्ल्यापर्यंत आणि १९२८ मध्ये पश्चिम किनाऱ्यालगतच्या मार्गावर बोरिवलीपर्यंत विजेवर चालणाऱ्या उपनगरी गाड्या सुरू झाल्या. पुढे १९५० व १९५७ मध्ये महापालिकेची हद्द वाढवण्यात आली आणि ती दहिसर व मुलुंडपर्यंत पोहोचली. १ ऑक्टोबर १९९० रोजी मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ९३ लाख ५७ हजार होती आणि दर हजार पुरुषांमागे ८६० स्त्रिया होत्या.

रेल्वेचे मार्ग प्रामुख्याने उत्तर-दक्षिण आहेत. सकाळी उत्तरेकडील घरातून दक्षिणेकडील फोर्ट, चर्चगेट वा गिरणगावाकडे जायचे आणि संध्याकाळी त्याच वाटेने परतायचे, हा या व्यवस्थेचा मूळ नमुना होता. घरकामाचा भार नसलेल्या, पूर्णवेळ नोकरी करणाऱ्या प्रवाशाला तो सोयीचा होता. गिरण्या, कचेऱ्या व गोदी येथील बहुसंख्य कर्मचारी पुरुष असल्याने हा प्रवासी पुरुषच असे. स्त्रियांचा दिवस मुख्यतः उपनगरातच, म्हणजे पाणी, रेशन, भाजी, दवाखाना व शाळा यांभोवती फिरत असे.

पुढील काळात उपनगरे केवळ राहण्याची ठिकाणे उरली नाहीत. १९७३ मध्ये अंधेरीत सुरू झालेल्या सीप्झ या निर्यात क्षेत्रातील इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाने स्त्री-कामगारांना मोठ्या प्रमाणावर सामावून घेतले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर अनेक कामगार कुटुंबांत स्त्रियांच्या मिळकतीचे महत्त्व वाढले. वांद्रे-कुर्ला संकुल, पवई, मालाड, ऐरोली अशी नवी रोजगार केंद्रे उभी राहिली. मात्र पूर्व-पश्चिम दळणवळण दीर्घकाळ अपुरे राहिल्याने उपनगरातल्या उपनगरात होणारा प्रवास बस, रिक्षा व पायपीट यांवरच अवलंबून राहिला.

संकल्पना

घर व कामाचे ठिकाण एकमेकांपासून दूर ठेवणारी उपनगर रचना स्त्रियांना गैरसोयीची ठरते, हा विचार पाश्चात्त्य देशांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मांडला गेला. अमेरिकन नगर-इतिहासकार डोलोरेस हेडन यांनी १९८० मधील आपल्या निबंधात, घरकाम व बालसंगोपन विनामूल्य करणारी स्त्री घरी आहे असे गृहीत धरूनच तेथील उपनगरे आखली गेली, असे प्रतिपादन केले. अमेरिकेतील उपनगर विरळ वस्तीचे व खासगी मोटारीवर अवलंबून आहे. मुंबईचे उपनगर दाट वस्तीचे व रेल्वेवर अवलंबून आहे. तरीही घरातील विनामूल्य श्रम नियोजनकारांच्या हिशेबातून वगळले जातात, हे साम्य दोन्हीकडे आढळते.

मुंबईच्या संदर्भातील महत्त्वाचे लेखन शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचे आहे. ‘पुकार’ या संस्थेतील लिंगभाव व अवकाशविषयक संशोधन प्रकल्पावर आधारित त्यांचे ‘व्हाय लॉइटर?’ हे इंग्रजी पुस्तक २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. मुंबई स्त्रियांसाठी सुरक्षित समजली जात असली, तरी येथेही स्त्रीला सार्वजनिक ठिकाणी आपले ‘काम’ सतत दाखवावे लागते, असे निरीक्षण त्यात आहे. कानाला लावलेला फोन, हातातील पिशवी, घाईची चाल यांतून ती आपले तेथे असणे समर्थनीय ठरवते. स्त्रियांना केवळ संरक्षण पुरेसे नाही. विनाकारण रेंगाळण्याचा, म्हणजे धोका पत्करण्याचाही हक्क हवा, अशी लेखिकांची भूमिका आहे.

वाहतूक अभ्यासात ‘साखळी प्रवास’ ही संकल्पना वापरली जाते. एकाच फेरीत अनेक छोटी कामे जोडणे, असा तिचा अर्थ आहे. मुलाला शाळेत सोडणे, तेथून स्थानक गाठणे, परतताना भाजी व औषधे घेणे आणि पाळणाघरातून धाकट्या मुलाला आणणे ही अशा प्रवासाची उदाहरणे होत. असा प्रवास पुरुषांपेक्षा स्त्रियांच्या वाट्याला अधिक येतो.

वेळेची विभागणी

शहराचा वापर किती करता येईल हे हाती उरणाऱ्या वेळेवर ठरते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर केलेल्या वेळ-वापर पाहणीत ६ वर्षे व त्यावरील वयाच्या ८१.२ टक्के स्त्रिया आणि २६.१ टक्के पुरुष घरातील विनामूल्य कामे करत असल्याचे आढळले. ही कामे करणाऱ्या स्त्रियांचा दररोज सरासरी २९९ मिनिटे, तर पुरुषांचा ९७ मिनिटे वेळ त्यांत जात होता. २०२४ च्या पाहणीत हे आकडे अनुक्रमे २८९ व ८८ मिनिटे होते.

ही आकडेवारी संपूर्ण भारताची आहे. मात्र उपनगरातील नोकरदार स्त्रीच्या दिवसाचे स्वरूप समजण्यास ती उपयुक्त ठरते. पहाटेचे पाणी, डबे, मुलांची तयारी आणि स्वयंपाक उरकून ती स्थानकावर पोहोचते व परतल्यावर पुन्हा स्वयंपाकाला लागते. अशा वेळी प्रवासात वाढलेला अर्धा तास हा केवळ गैरसोयीचा प्रश्न राहत नाही. दूरचे अधिक पगाराचे काम नाकारून जवळचे कमी पगाराचे काम स्वीकारणे, अर्धवेळ काम पाहणे किंवा नोकरी सोडणे हे निर्णय याच हिशेबातून घेतले जातात.

घरातून करण्याच्या कामालाही यामुळे महत्त्व आले. १९५९ मध्ये गिरगावात सात स्त्रियांनी सुरू केलेल्या श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड या संस्थेच्या पद्धतीनुसार सभासद स्त्रिया केंद्रातून पीठ नेतात व घरी पापड लाटतात. शिवणकाम, डबे करून देणे, शिकवण्या घेणे ही कामेही उपनगरांतील घराघरांत चालतात. या कामांमुळे मिळकत होते, परंतु स्त्रीच्या वावराची कक्षा वस्तीपुरती राहते.

प्रवास

अंतर व साधने

२०११ च्या जनगणनेनुसार देशभरात कामासाठी पायी जाणाऱ्यांचे प्रमाण स्त्रियांमध्ये ४५.४ टक्के, तर पुरुषांमध्ये २७.४ टक्के होते. बृहन्मुंबईतील २००४ व २०१९ च्या कौटुंबिक पाहण्यांची तुलना करणारा जागतिक बँकेच्या संशोधकांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. या पंधरा वर्षांत कामावर जाण्यासाठी पुरुष मोठ्या प्रमाणावर दुचाकीकडे वळले, तर स्त्रियांमध्ये रिक्षा व टॅक्सीचा वापर वाढला, असे त्यात आढळले. दुचाकीच्या तुलनेत रिक्षा-टॅक्सीची प्रत्येक फेरी महाग पडते. कुटुंबात एकच वाहन असेल तर ते बहुधा पुरुषाकडे जाते. स्त्री सुरक्षितता व वेळ यांसाठी अधिक पैसे मोजते किंवा चालत जाते.

रेल्वेचा मासिक पास दोन ठरावीक स्थानकांदरम्यानच्या प्रवासासाठी असतो. रोज एकाच वाटेने जाणाऱ्याला तो अत्यंत स्वस्त पडतो. रिक्षा, बस आणि लोकल अशी साधने बदलत अनेक ठिकाणी थांबणाऱ्या व्यक्तीला मात्र प्रत्येक टप्प्याचे भाडे वेगळे द्यावे लागते. ८ जून २०१४ रोजी सुरू झालेल्या वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रोने पूर्व-पश्चिम प्रवासाचा वेळ कमी केला. या गाड्यांत स्त्रियांसाठी राखीव जागेची सोय आहे.

महिलांचा डबा

रेल्वेतील स्त्रियांसाठीच्या राखीव जागेला जुना कायदेशीर आधार आहे. १८९० च्या रेल्वे कायद्याने प्रत्येक प्रवासी गाडीत सर्वांत खालच्या वर्गाचा किमान एक कक्ष स्त्रियांसाठी राखून ठेवणे १ जानेवारी १८९१ पासून बंधनकारक केले. सध्याच्या १९८९ च्या रेल्वे कायद्यातील कलम ५८ मध्ये अशा राखीव जागेची, तर कलम १६२ मध्ये तेथे शिरणाऱ्या पुरुषाला शिक्षेची तरतूद आहे. ५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेवर चर्चगेट ते बोरिवलीदरम्यान केवळ स्त्रियांसाठी ‘लेडीज स्पेशल’ गाडी सुरू झाली. त्याच वर्षी मध्य रेल्वेनेही मुंबई ते कल्याणदरम्यान अशी गाडी सुरू केली.

महिलांच्या डब्यात एक स्वतंत्र सामाजिक जीवन आकाराला आले आहे. नेहमीच्या गाडीला नेहमीच्या जागी भेटणाऱ्या मैत्रिणींचे गट, डब्यातील हळदीकुंकू, नवरात्रातील रंगांच्या साड्या, वाढदिवस, भिशी, मांडीवर भाजी निवडणे, कानातली व पिना विकणाऱ्या फेरीवाल्या हे त्याचे परिचित विशेष आहेत. ‘कुठे उतरणार?’ असे विचारून सुटणारी जागा आधीच ठरवून घेणे आणि तिघींच्या बाकावर ‘चौथी सीट’ मिळवणे हे तेथील अलिखित नियम होत. पुरुषांच्या डब्यांतही भजनी मंडळे व पत्त्यांचे डाव असतात. परंतु पुरुषांना गाडीतून उतरल्यावरही कट्टा उपलब्ध असतो. अनेक स्त्रियांच्या बाबतीत घर व कार्यालय यांच्यामधील डबा हीच कोणाची सेवा न करता बसण्याची एकमेव जागा ठरते. मासळी विकणाऱ्या कोळी स्त्रिया टोपल्यांसह सामानाच्या डब्यातून प्रवास करतात. त्यांचा प्रवास कार्यालयीन वेळापत्रकापेक्षा बंदर व बाजार यांच्या वेळेने ठरतो.

वस्तीतील जागा

नाका, पानटपरी, चहाची गाडी, व्यायामशाळा, मंडळाचे कार्यालय आणि सोसायटीच्या फाटकासमोरचा कट्टा या उपनगरांतील पुरुषांच्या नेहमीच्या बसण्याच्या जागा आहेत. मैदानांवर मुलांचे क्रिकेट चालते. वयात आल्यावर मुलींचे मैदानावरील खेळणे बहुधा कमी होते. स्त्रियांचा सामूहिक वावर मंडई, शाळेचे फाटक, देऊळ, महिला मंडळ, बचत गटाची बैठक आणि उद्यान येथे अधिक दिसतो. यांपैकी बहुतेक जागांना घरकाम, मुले वा धार्मिक आचार यांचे निमित्त जोडलेले असते. गणेशोत्सव व नवरात्र या काळात ही चौकट काही प्रमाणात सैल होते आणि स्त्रिया रात्री उशिरापर्यंत रस्त्यांवर दिसतात.

पदपथ, दिवे, रस्ता ओलांडण्याची सोय आणि बसथांब्यावरील बाक या साध्या बाबींचा परिणाम स्त्रियांवर अधिक होतो, कारण त्या अधिक चालतात आणि बहुधा मूल किंवा पिशव्या सोबत असतात. स्थानकांवरील उंच पादचारी पूल वृद्ध व गरोदर स्त्रियांना विशेष त्रासदायक ठरतात. याउलट, स्थानकाबाहेरील फेरीवाल्यांची गर्दी अडथळा मानली जात असली, तरी रात्री तिच्यामुळे रस्ता जागता राहतो. परतीच्या वाटेवरच भाजी मिळाल्याने वेगळी फेरीही वाचते.

पाणी आणि स्वच्छतागृहे

उपनगरांतील नागरी सोयींच्या लढ्यांत स्त्रियांचा सहभाग ठळक राहिला आहे. गोरेगावच्या मृणाल गोरे १९६१ मध्ये मुंबई महापालिकेवर निवडून आल्या. उपनगरांतील वस्त्यांच्या पाणीपुरवठ्यासाठी केलेल्या आंदोलनांमुळे त्या ‘पाणीवाली बाई’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. १९७० च्या दशकाच्या आरंभी अहिल्या रांगणेकर व इतर कार्यकर्त्यांसह त्यांनी उभारलेल्या महागाईविरोधी आंदोलनात हजारो गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. घरातील जबाबदारीच येथे सार्वजनिक रस्त्यावर येण्याचे राजकीय कारण बनली.

स्वच्छतागृहांची कमतरता हा दैनंदिन वावरावरील मोठा अडसर आहे. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईतील सुमारे दोन-पंचमांश लोकसंख्या झोपडपट्ट्यांत राहत होती. तेथे सामायिक शौचालयांवर अवलंबून राहावे लागते. रांग, अंधार व छेडछाड यांमुळे अनेक स्त्रिया पहाटेपर्यंत थांबतात किंवा पाणी कमी पितात. फिरत्या कामावरील, फेरीचा धंदा करणाऱ्या व प्रवासातील स्त्रियाही हाच उपाय करतात. त्यातून मूत्रमार्गाचे विकार उद्भवतात. पुरुषांना मुतारी विनामूल्य आणि स्त्रियांना मात्र पैसे, या भेदाविरुद्ध २०११ मध्ये मुंबईतील स्वयंसेवी संस्थांनी ‘राइट टू पी’ ही मोहीम सुरू केली. ‘मिळून साऱ्याजणी’च्या वतीने दाखल झालेल्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये राज्यातील महापालिकांना स्त्रियांसाठी स्वच्छतागृहांची सोय करण्याबाबत निर्देश दिले.

रात्र

सूर्यास्तानंतर स्त्री-पुरुषांच्या वावरातील फरक वाढतो. पुरुषांसाठी रात्र हा जेवणानंतर खाली उतरून गप्पा मारण्याचा काळ असतो. स्त्रियांसाठी ती ‘घरी पोहोचण्याची वेळ’ असते. गर्दी ओसरलेल्या महिलांच्या डब्यात भीती वाटत असल्याने काही स्त्रिया रात्री सर्वसाधारण डब्यात बसणे पसंत करतात. या डब्यांत रात्रीच्या वेळी पोलीस कर्मचारी नेमण्याची पद्धत आहे.

कायद्यातही या भेदाचे प्रतिबिंब दिसते. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, २०१७ नुसार स्त्रियांना सकाळी ७ ते रात्री ९.३० या वेळेत काम करता येते. त्यानंतरच्या कामासाठी त्यांची संमती, तसेच संरक्षण व वाहतुकीची सोय आवश्यक आहे. कोविड-१९ साथीच्या काळात २१ ऑक्टोबर २०२० पासून सर्व स्त्रियांना सकाळी ११ ते दुपारी ३ आणि सायंकाळी ७ नंतर लोकल प्रवासाची मुभा मिळाली. सर्वसाधारण प्रवाशांना ती १ फेब्रुवारी २०२१ पासून, ठरावीक वेळांत देण्यात आली. स्त्रियांना आधी मिळालेली ही सवलत कार्यालयीन गर्दीच्या वेळा वगळून होती.

स्त्रियांमधील भेद

उपनगरातील ‘स्त्री’ हा एकसंध गट नाही. खासगी मोटारीतून मॉलमध्ये जाणारी स्त्री आणि दिवसात चार-पाच घरी कामाला जाणारी घरकामगार एकच रस्ता वेगळ्या प्रकारे अनुभवतात. घरकामगार स्त्रीचे कामाचे ठिकाण वस्तीपासून चालण्याच्या अंतरावर असणे हीच तिच्या रोजगाराची अट असते. त्यामुळे झोपडपट्टीचे दूरच्या ठिकाणी पुनर्वसन झाल्यास पुरुषापेक्षा तिचे काम आधी सुटण्याची शक्यता असते. कचरा वेचणाऱ्या व सफाईकाम करणाऱ्या स्त्रियांमध्ये दलित स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे. रस्ता हेच त्यांचे कामाचे ठिकाण असते. मुस्लिम स्त्रियांच्या वावरावर वस्तीची सीमा, पोशाखाविषयीचे पूर्वग्रह आणि दंगलींच्या आठवणी यांचा प्रभाव पडतो. तृतीयपंथी व्यक्तींना स्त्री-पुरुष अशा दोनच विभागांत वाटलेले डबे व स्वच्छतागृहे वापरताना अडचणी येतात.

सार्वजनिक जागेवरील पुरुषांचा हक्कही सर्वांना सारखा मिळत नाही. नाक्यावर उभे राहणारे गरीब, स्थलांतरित वा अल्पसंख्याक तरुण पोलिसांच्या व सोसायट्यांच्या संशयास पात्र ठरतात. स्त्रियांच्या सुरक्षिततेचे कारण पुढे करून अशा पुरुषांना हटवणे हा उपाय नव्हे, असे ‘व्हाय लॉइटर?’च्या लेखिकांनी नमूद केले आहे.

नियोजन व मतभेद

बृहन्मुंबईच्या २०१४-३४ या कालावधीच्या विकास आराखड्यात नोकरदार स्त्रियांसाठी बहुउद्देशीय निवास, पाळणाघरे व आधार केंद्रे अशा सोयींसाठी जागा राखण्याची तरतूद करण्यात आली. स्त्री-संघटनांनी आराखड्याच्या प्रक्रियेत केलेला पाठपुरावा त्यामागे होता.

राखीव डबे व स्वतंत्र गाड्या यांबाबत अभ्यासकांत दोन मते आहेत. एका मतानुसार गर्दीच्या शहरात त्यांच्याविना लाखो स्त्रियांना नोकरी करणेच अशक्य झाले असते. दुसऱ्या मतानुसार वेगळी जागा दिल्याने उरलेली सर्व जागा पुरुषांची आहे हा समज पक्का होतो आणि सर्वसाधारण डब्यातील स्त्रीलाच ‘लेडीजमध्ये जा’ असे ऐकावे लागते. सीसीटीव्ही व पोलीस बंदोबस्त यांवर भर द्यावा की पदपथ, दिवे, स्वच्छतागृहे, वारंवार येणाऱ्या बसगाड्या व पाळणाघरे यांवर, हाही वादाचा मुद्दा आहे. पहिल्या प्रकारचे उपाय स्त्रीवर नजर ठेवतात, तर दुसऱ्या प्रकारचे तिचा वेळ वाचवतात, असा आक्षेप घेतला जातो. नागरी सोयी कितीही वाढल्या तरी घरकामाची वाटणी बदलल्याशिवाय स्त्रियांना शहरासाठी वेळ उरणार नाही, याकडेही अभ्यासक लक्ष वेधतात.

हेही पाहा

मुंबई उपनगरी रेल्वे
मुंबई उपनगर जिल्हा
बेस्ट उपक्रम
मृणाल गोरे
स्त्रीवादी भूगोल
नगररचना